आधी मांडी, मग सुरी

गुडघा दुखतो म्हणून दवाखान्यात गेलेल्या माणसाला सगळ्यात आधी एक्स-रे मिळतो आणि सगळ्यात शेवटी, मिळालाच तर, व्यायाम. हा क्रम उलटा आहे, आणि तो उलटाच राहण्यात बऱ्याच जणांचा पैसा गुंतलेला आहे. पेशंट मात्र दोन्हीकडून मार खातो. ज्याला नुसत्या व्यायामाने उतार पडला असता तो इंजेक्शनांवर पैसे घालवतो, आणि ज्याला खरोखर सांधा बदलायची गरज आहे तो ‘आता किती दिवस राहिलेत, चालवून घेऊ’ म्हणत घराबाहेर पडायचं सोडतो.

शेजारच्या काकूंनी परवा त्यांची फाइल दाखवायला आणली. साडीच्या दुकानातली जाड पिशवी; आत दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे, एक एमआरआय, रक्ताचे रिपोर्ट आणि निरनिराळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. गोळ्या, मलम, कॅल्शियम, गुडघ्याचा पट्टा, ‘जेल’च्या इंजेक्शनचा अंदाजे खर्च. सगळी चाळली. काकूंचं वजन एकाही कागदावर नव्हतं. ‘व्यायाम करा’ हे एका चिठ्ठीच्या तळाशी होतं. कोणता, किती वेळा, कुणाकडून शिकायचा, काही नाही.

“डॉक्टरांनी तुम्हाला चालून दाखवायला सांगितलं का हो काकू?”

“छे! मी बसले कधी, उठले कधी, त्यांना कळलंसुद्धा नाही. एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, गॅप संपलाय.”

एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, दुखणं दिसत नाही. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिच्यात वेदना वाहून नेणाऱ्या नसाच नसतात. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं अस्तर, भोवतीचं आवरण आणि थकलेले स्नायू. म्हणून एक्स-रे भयंकर दिसणारी बाई भाजीची पिशवी घेऊन दोन जिने चढते आणि जेमतेम झीज असलेली दुसरी रात्रभर तळमळते. किती चालता येतं, जिना उतरताना काय होतं, रात्री झोप लागते का, शौचाला बसून उठता येतं का, हे विचारल्याशिवाय नुसत्या फोटोवरून उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरला पुढचा प्रश्न पेशंटनेच विचारायला हवा: माझा गुडघा तुम्ही हात लावून बघणार की नाही?

एक गोष्ट मात्र आधी निकालात काढायला हवी. सकाळी उठल्यावर तासाच्या वर सांधे आखडून राहात असतील, हाताच्या बोटांचे सांधेही सुजत असतील, तर ती नुसती झीज नव्हे. तो आमवात असू शकतो. त्याची औषधं वेगळी, आणि ती लवकर सुरू झाली तर सांधे वाचतात. सांधा एकाएकी सुजला, गरम झाला, ताप आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. बाकीच्यांना, म्हणजे वयाबरोबर झिजलेल्या गुडघ्यांच्या मोठ्या रांगेला, पहिला उपचार एकच आहे आणि तो मांडीत आहे.

मांडीचा पुढचा स्नायू बळकट असेल तर पाऊल टेकतानाचा धक्का तो झेलतो. दुखतं म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिला की मांडी सुकते, मांडी सुकली की आणखी दुखतं. हे चक्र कुठलीही गोळी तोडत नाही. खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करायचा, मांडी आवळायची, पाच मोजायचे, सावकाश खाली आणायचा. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून ती खाली दाबायची. हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. जमत नसेल तर बैठकीवर जाड उशी ठेवून उंची वाढवायची आणि काही आठवड्यांनी ती उशी काढायची. ‘झिजलेला सांधा व्यायामाने आणखी झिजेल’ ही भीती घरोघरी आहे आणि ती चुकीची आहे. व्यायाम करताना सोसेल इतकं दुखलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ते पूर्ववत झालं, तर काही बिघडत नाही. जास्त रेंगाळलं तर मात्रा कमी करायची, बंद नाही करायची.

डेन्मार्कने २०१३ पासून हेच काम रीतसर चालवलंय. गुडघा किंवा खुबा दुखणाऱ्याला आधी दुखण्याची माहिती देणारे दोन वर्ग, मग फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा असे बारा वर्ग, बस. त्या कार्यक्रमातून गेलेल्यांचं दुखणं सरासरी चौथ्या हिश्शाच्या आसपास कमी झालं आणि गोळ्या घेणाऱ्यांची संख्याही घटली. तिथल्याच २०१५च्या एका चाचणीत, गुडघा बदलण्यास पात्र ठरलेल्या १०० जणांचे दोन गट केले. एका गटाचं ऑपरेशन केलं आणि वर व्यायाम दिला, दुसऱ्याला फक्त व्यायाम, आहार, सल्ला आणि गरजेपुरत्या गोळ्या. ऑपरेशनवाल्यांना वर्षाअखेर दुपटीने आराम पडला, हे स्वच्छ मान्य करायला हवं; गंभीर त्रासही त्यांनाच जास्त झाले. पण दुसऱ्या गटातल्या दर चारांपैकी तिघांनी त्या वर्षात ऑपरेशन करून घेतलं नाही. ऑपरेशनला पात्र म्हणून निवडलेल्यांमधले तिघे! आपल्याकडे हे तिघे कोण, हे शोधण्याची कुणाला निकड आहे?

वजनाचं बोलणं बायकांना लागतं, कारण ते नेहमी टोमण्यासारखंच बोललं जातं. ते हिशोबासारखं सांगावं. एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी उतरतो. पाच किलो उतरले तर वीस. हे एवढं सांगून आहार कसा बदलायचा ते लिहून द्यायला डॉक्टरांना किती वेळ लागतो?

आता काठी. आपल्याकडे काठीची लाज इतकी, की माणूस भिंती धरत चालेल, नातवाचा खांदा धरेल, पण काठी घेणार नाही. ज्यांनी घेतलीय त्यांतले कितीतरी जण ती चुकीच्या हातात धरतात. दुखतोय उजवा पाय, काठीही उजव्या हातात. काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. कारण सरळ आहे. उजव्या पायावर उभं राहताना कंबर डावीकडे कलू नये म्हणून खुब्याच्या बाजूचे स्नायू जीव खाऊन ओढतात आणि त्या ओढीनेच खुब्याचा सांधा दाबला जातो. डाव्या हातातली काठी कंबर लांबून उचलून धरते, स्नायूंची ओढ कमी होते, सांधा सुटा होतो. दुखरा पाय आणि काठी एकदम पुढे टाकायची. हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते तितकी उंची, आणि खाली रबर. वॉल्टर ब्लाउंट नावाच्या अमेरिकन अस्थितज्ज्ञाने १९५६मध्ये काठी टाकून देऊ नका, असं सांगणारा लेख लिहिला होता. तेव्हापासून कितीतरी नवी यंत्रं आली, पण इतक्या कमी पैशात खुब्याचं ओझं इतकं उतरवणारी वस्तू दुसरी आलेली नाही.

गोळ्यांविषयी थोडक्यात. पॅरासिटामॉलचा झिजेच्या दुखण्यावर उपयोग अगदी थोडा. डायक्लोफिनॅकसारखं मलम गुडघ्याला लावणं हा बरा पर्याय, कारण ते पोटात जात नाही. पोटातून घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या काम करतात, पण जठर, मूत्रपिंड आणि हृदय या तिन्हींवर त्यांचा डोळा असतो. रक्तदाब, मधुमेह असलेल्यांनी औषधाच्या दुकानातून ‘तीच पट्टी द्या’ म्हणत महिनोन्महिने त्या खाऊ नयेत. ग्लुकोसामाइनची २००६मध्ये अमेरिकेत १,५८३ पेशंटवर मोठी चाचणी झाली. एकूणात ते साध्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. तरी चिठ्ठीवर ते अजून येतंच.

आणि आठवडी बाजारातली ती पुडी. ‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ म्हणून विकली जाणारी. तीन दिवसांत दुखणं पळतं, भूक वाढते, चेहरा गोल दिसायला लागतो. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं पुन:पुन्हा सापडलेलं आहे. ते दीर्घकाळ पोटात गेलं की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो. गुडघ्यासाठी घेतलेल्या पुडीने खुबा जातो. बरेच दिवस घेतलेली पुडी एकदम बंद करणंही धोक्याचं. आधी डॉक्टरांना खरं सांगायचं, मग त्यांच्या सल्ल्याने ती सोडायची.

इंजेक्शनांचा बाजार यापेक्षा चकचकीत आहे. सांध्यात दिलेलं स्टेरॉइड सुजलेल्या गुडघ्याला काही आठवडे आराम देतं. लग्नकार्य, प्रवास, व्यायाम सुरू करण्यासाठी लागणारी उसंत, यासाठी एखादं घ्यायला हरकत नाही. पण २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत दर बारा आठवड्यांनी दोन वर्षं ते टोचलेल्यांची कूर्चा, मिठाचं पाणी टोचलेल्यांपेक्षा जास्त पातळ झाली, आणि दुखण्यात काही फरक दिसला नाही. ‘वंगण संपलं, जेल भरू’ म्हणत दिलं जाणारं हायलुरॉनिक आम्ल: २०२२मध्ये सगळ्या चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा त्याचा फायदा पेशंटला जाणवावा इतकाही नव्हता. स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट काढून टोचायच्या, ती पीआरपी: ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर चाचणी झाली, २०२१मध्ये निकाल आला, वर्षानंतर पीआरपी आणि मिठाचं पाणी सारखंच. आणि ‘स्टेम सेल’ने कूर्चा नवी उगवते असं सांगून लाखांत पैसे घेणारे तर पुरावा मागितला की दुसऱ्या पेशंटचा व्हिडिओ दाखवतात.

दुर्बिणीतून गुडघा ‘साफ’ करण्याची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात ब्रूस मोझली या सर्जनने १८० पेशंट घेतले. काहींचा झिजलेला सांधा दुर्बिणीतून खरडून साफ केला, काहींचा नुसता धुतला. उरलेल्यांना भूल दिली, गुडघ्यावर एकेक सेंटिमीटरचे तीन काप घेतले, सर्जनने नेहमीसारखी हत्यारं मागितली, गुडघा हलवला, पाण्याचा आवाज केला आणि टाके घातले. दुर्बीण आत गेलीच नाही. कुणाचं काय झालंय हे पेशंटांना माहीत नव्हतं. दोन वर्षं सगळ्यांना विचारत राहिले, आणि एकदाही खऱ्या ऑपरेशनवाल्यांची अवस्था खोट्यावाल्यांपेक्षा चांगली निघाली नाही. हे २००२मध्ये छापून आलं. फिनलंडने २०१३मध्ये गुडघ्यातल्या, वयोमानाने फाटलेल्या गादीच्या (मेनिस्कसच्या) बाबतीत तसंच करून पाहिलं, निकाल तोच. खेळताना अस्थिबंध तुटलेल्या तरुणाला दुर्बीण लागते, गुडघा अडकून बसत असेल तर लागू शकते. पण साठीच्या बाईच्या झिजलेल्या गुडघ्याला ‘आत जाऊन जरा साफ करू’ म्हणणाऱ्या डॉक्टरसमोरून फाइल उचलावी आणि दुसरं मत घ्यावं.

खुब्याकडे वळू, कारण तिथे उशीर महाग पडतो. खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुधा जांघेत येतं. बाहेरच्या बाजूला, कुशीवर झोपल्यावर दुखतं ते अनेकदा स्नायूंच्या कंडऱ्यांचं असतं. ढुंगणात दुखून पायात कळ जाते ती अनेकदा पाठीच्या मणक्यातून. आणि कधी कधी खुबा बिघडलेला असतो, पण दुखतो गुडघा. गुडघ्याचा एक्स-रे चांगला आणि दुखणं खरं, तर खुबा तपासलाच पाहिजे. पलंगावर झोपवून पाय आतल्या बाजूला फिरवून बघायला यंत्र लागत नाही.

पाश्चात्त्य देशांत खुबा बदलतात तो मुख्यतः म्हाताऱ्यांचा, झिजेमुळे. आपल्याकडे त्या रांगेत तिशी-चाळिशीतले तरुण मोठ्या संख्येने दिसतात. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडून हाड मरतं आणि मग गोळा बसतो. दारू, स्टेरॉइड, जुनं फ्रॅक्चर ही नेहमीची कारणं. कोविडमध्ये जीव वाचवण्यासाठी स्टेरॉइड द्यावंच लागलं, आणि २०२१मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी कोविडनंतर असा खुबा गेलेले पेशंट नोंदवले. विदर्भात आणि नंदुरबारकडे आणखी एक कारण आहे: सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. तिथल्या आदिवासी मुलाला विशीतच लंगडावं लागतं आणि त्याला ‘नस दबली असेल’ म्हणून महिनोन्महिने गोळ्या दिल्या जातात. सुरुवातीला साधा एक्स-रे अगदी चांगला दिसतो. एमआरआयमध्ये मात्र दिसतं. गोळा बसण्याआधी कळलं तर हाडाला छिद्र पाडून आतला दाब कमी करता येतो, काहींचा खुबा वाचतो. बसल्यावर कळलं तर बहुतेकांना सांधा बदलणं उरतं. जांघेत दुखणाऱ्या तरुणाला आणि सिकलसेल असलेल्या प्रत्येकाला वेळेत एमआरआय मिळणं हा उपकार नाही, तो उपचार आहे.

सांधा बदलण्याच्या ऑपरेशनला मी नावं ठेवत नाही. गेल्या शतकातल्या सर्वांत उपयोगी ऑपरेशनांत त्याची गणना होते. जॉन चार्नले या इंग्रज सर्जनने १९६२मध्ये प्लॅस्टिकच्या वाटीत धातूचा गोळा बसवून खुबा चालता केला. आजच्या कृत्रिम गुडघ्याचा मूळ आराखडा १९७४च्या सुमाराला न्यूयॉर्कमध्ये ज्यांनी घडवला त्यांत मध्य प्रदेशातून गेलेले चित्तरंजन राणावत होते. पंतप्रधान वाजपेयींचा डावा गुडघा २००० साली आणि उजवा २००१मध्ये त्यांनीच मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला. दर १०० गुडघ्यांतले सुमारे ८२ आणि दर १०० खुब्यांतले सुमारे ५८ पंचवीस वर्षं टिकतात. म्हणजे सत्तरीच्या आजींना ‘पुन्हा करावं लागेल’ ही भीती घालण्यात अर्थ नाही. पंचेचाळिशीच्या माणसाला मात्र तो विचार करायलाच हवा. त्याचे पाय धनुकलीसारखे वाकलेले असतील आणि झीज एकाच बाजूची असेल, तर हाड कापून पाय सरळ करणं किंवा गुडघ्याचा अर्धाच भाग बदलणं, हे पर्याय डॉक्टरांनी निदान उच्चारले तरी पाहिजेत.

व्यायाम, वजन, काठी सगळं मनापासून करूनही रात्रीची झोप उडत असेल, घरातल्या घरात चालणं अवघड झालं असेल, तर थांबू नका. मांडी पार सुकल्यावर आणि गुडघा वाकडा आखडल्यावर केलेल्या ऑपरेशनचा निकाल तितका चांगला येत नाही. पण टेबलावर जाण्याआधी हेही ऐकून घ्या की गुडघा बदललेल्या दर पाचांपैकी जवळजवळ एकाचं दुखणं पुरतं जात नाही. मांडी घालून पंगतीला बसणं, उकिडवं बसणं बहुतेकांना सोडावं लागतं. दोन्ही गुडघे एकाच दिवशी करायचे असतील तर हृदयाची तपासणी नीट झाली पाहिजे. होर्डिंगवरचा रोबो हाडाचा काप नेमका घेतो, हे खरं. पण त्याने वर्षभरानंतर पेशंट ठळकपणे बरा चालतो, असा भक्कम पुरावा अजून नाही. बिल मात्र ठळकपणे वाढतं.

बिलाचं बोलू. १६ ऑगस्ट २०१७ला केंद्राने गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीला लगाम घातला. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याची सरासरी छापील किंमत तोवर १,५८,३२४ रुपये होती. कमाल मर्यादा आली ५४,७२० रुपये, जीएसटी वेगळा. इतका फरक पेशंटच्या खिशातून वर्षानुवर्षं जात होता. रुग्णालयाने सांध्याची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक बिलात वेगळा दाखवायचा, असंही त्या आदेशात आहे. ‘पॅकेज’ या एका ओळीत सगळं कोंबलेलं बिल मुकाट्याने भरू नका, फोड करून मागा. पैशांची सोयच नसेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलावर आधी चौकशी करा. खुब्याच्या सांध्यांना मात्र तेव्हा ही मर्यादा लागली नाही.

सांध्याच्या डब्यातून येणारा स्टिकर फाइलमध्ये लावून घ्यायचा तो कशासाठी, हे जॉन्सन अँड जॉन्सनच्या डेप्यू कंपनीच्या एएसआर खुब्याने शिकवलं. धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरायला लागलं. ऑगस्ट २०१०मध्ये कंपनीने तो जगभरातून मागे घेतला. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्राने २०१८मध्ये ३० लाख ते १ कोटी २३ लाख रुपये भरपाईचं सूत्र ठरवलं, पण बहुतेक पेशंटांचा ठावठिकाणाच लागला नव्हता. स्वीडन १९७५पासून बदललेल्या प्रत्येक गुडघ्याची नोंद ठेवतो. आपल्याकडे अशी नोंद सक्तीची नाही.

उपचारांचा क्रम उलटा राहण्यामागे पैसे देण्याचा क्रमही आहे. मेडिक्लेम ऑपरेशनचे लाखो रुपये देतो, पण भरती न होता घेतलेल्या बारा वर्गांच्या फिजिओथेरपीचे बहुतेक पॉलिसी एक रुपया देत नाहीत. शेतात वाकून निंदणी करणाऱ्या, डोक्यावर हंडा वाहिलेल्या बाईने रोजगार बुडवून, एसटीचं भाडं भरून तालुक्याला येऊन व्यायाम शिकायचा तो कुणाकडे? विमा नियामकाने फिजिओथेरपीचा खर्च पॉलिसीत सक्तीने आणावा, आणि राज्याच्या आरोग्य खात्याने प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात एक फिजिओथेरपिस्ट, एक खोली आणि हात न टेकता उठायला शिकवणाऱ्या दहा साध्या खुर्च्या द्याव्यात.